हाकेला ओ

या, इथे टेका. जमीन कोरडी आहे, मी आत्ताच हात लावून बघितलाय. तुम्हाला एका होडीवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. गोष्ट हसायची नाही. पण मधे कुठे हसू आलं तर दाबू नका, म्हाताऱ्याला त्याचं वाईट वाटायचं नाही. शेवटी मात्र तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. घाबरू नका, खिशाला हात घालावा लागणार नाही.

म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत. बाप होडीवाला, आजा होडीवाला, आणि तात्याचा एकुलता एक पोरगा तोही होडीवालाच. नदी चांगली रुंद. अलीकडे गाव, म्हणजे दुकानं, शाळा, दवाखाना. पलीकडे वस्ती, टोपल्या विणणाऱ्यांची आणि भाजीचे मळे करणाऱ्यांची. पूल नाही असं नाही, पण तो इतका खाली, की बैलगाडीने सकाळी निघालेला माणूस उन्हं कलल्यावर अलीकडे पोचायचा. त्यामुळे सगळा भार होडीवर.

आता या होडीची एक रीत होती, ती नीट ऐकून ठेवा. होडीवाल्याने कधी हाक मारायची नाही. हाक मारायची ती जाणाऱ्याने. पलीकडून "होऽऽ तात्याऽऽ" असं आलं, की तात्या जिथे असेल तिथून "ओऽऽ" म्हणायचा. तोंडात घास असला तर तो एका गालात सारून म्हणायचा. एकदा ओ दिला की झालं. पलीकडचा माणूस डोक्यावरचं ओझं उतरवून वाळूत बसकण मारायचा, कारण होडी येणार. आणि ओ आला नाही तर होडी नाही, असं समजून कुणी तिथे ताटकळायचं नाही, सरळ पुलाची वाट धरायची. बापाने पोराला वल्हं शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

वस्तीतली हाक मारायची ती टोपलीवाल्याची बायको. बाई एवढीशी, पण आवाज असा, की तिला सगळे भोंगा म्हणत, तीही हसून घ्यायची. कुणालाही अलीकडे यायचं असलं की आधी तिच्या दारात जायचं, वहिनी, जरा हाक मारा. ती विणता विणता उठायची, कमरेला हात लावायची, आणि तिने एकदा तोंड उघडलं की अलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. तात्या म्हणायचा, वहिनी, मी म्हातारा झालोय, बहिरा नाही. ती म्हणायची, भावजी, मला काय माहीत, तुम्ही दोन्ही झाला असाल.

मग तो आजार आला. तो तुम्हीही बघितलाय, मी काय सांगू. दुकानं बंद, दारं बंद, माणूस माणसाला बघून रस्ता बदलायचा. होडी तेवढी चालू. पलीकडे कुणाला धाप लागली की हाक यायची, आणि पोरगा तोंडाला ओलं फडकं बांधून निघायचा. बापाला त्याने वल्ह्याला हात लावू दिला नाही, म्हणाला, तुमचं वय झालंय, तुम्ही काठावर थांबा. तात्या काठावर थांबायचा. आजारी माणूस होडीत आडवा, पोरगा वल्ही मारतोय, आणि गावातले लोक लांब उभे राहून सांगतायत की होडी इथे लावू नकोस, तिकडे खाली लाव. दुकानदार त्याचं सामान दगडावर ठेवून मागे सरायचा. ज्यांना त्याने पार नेलं त्यातले बरेच जगले. भोंगावहिनी जगली, पण तिची छाती गेली. चार पावलं चालली की बसायची. नदीपार हाक मारणं तर सोडाच, शेजारणीला बोलवायलाही नवऱ्याला पाठवायची.

पोरगा नाही जगला. शाळेत खाटा टाकल्या होत्या, त्यातल्या खिडकीशेजारच्या खाटेवर गेला. सून बाहेर पायरीवर बसून होती. आत जाऊ देत नव्हते. तात्या काठावरच होता, कारण पलीकडे एक जण होडीसाठी बसला होता आणि त्याला ओ दिलेला होता. त्याला आणलं, उतरवलं, मग शाळेकडे गेला.

तिथून वल्हं परत म्हाताऱ्याच्या हातात आलं. उजवा खांदा आधीच उतरलेला. हात वर नेला की आत काहीतरी कटकट वाजायचं. सून पदर खोचून समोर बसायची आणि डब्याने पाणी उपसायची. होडीचा तळ कुजला होता. आजाराच्या त्या दिवसांत होडी एकदाही वर ओढून वाळवली नव्हती, ना डांबर, ना काही. आता दोघं मिळून ती दर थोड्या दिवसांनी काठावर ओढायची, उलटी करायची, फटीत काथ्या ठोकायची, वरून डांबर फासायची. डांबराने सुनेचे हात कोपरापर्यंत काळे. रॉकेल लावून घासले तरी नखातलं जायचं नाही. एकदोन दिवस होडी काठावर असायची, तेवढे दिवस तात्या ओ द्यायचा नाही, लोक पुलावरून जायचे. मग होडी परत पाण्यात.

एकदा सुताराला दाखवली. सुताराने तळाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणाला, "तात्या, तू डांबर लावतोयस ते कशाला लावतोयस? इथे लाकूडच नाही. हे डांबराला डांबर चिकटलंय."

"पावसाळा काढेल का?" तात्याने विचारलं.

"तू काढशील. ही नाही काढायची."

सून हसली नाही. तिने विचारलं, नवी होडी करायची तर? सुताराने स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत टाकला, आणि त्यावरूनच तिला कळलं की ते आपल्या घराच्या आवाक्यातलं नाही.

त्याच सुमारास सरकारकडून गावाला निधी आला. आजारात जी गावं पोळली त्यांना मदत म्हणून. कचेरीचा साहेब येऊन सांगून गेला की एकच काम धरा, आणि कुठलं ते गावाने ठरवा, वस्तीला धरून. सभा भरवा, घराला एक दगड द्या, समोर टोपल्या मांडा, ज्या टोपलीत जास्त दगड ते काम होईल. तीन कामं पुढे आली. दवाखान्याला एक खोली. नवी होडी, ती सुताराने आणि सुनेने जाऊन सांगितली. आणि तिसरं, गेलेल्या माणसांच्या नावांचा दगड, चौकात चौथरा बांधून.

तिसरं काम गावच्या कारभाऱ्याच्या डोक्यातलं. माणूस वाईट नव्हता, त्याचाही भाऊ गेला होता. सभेच्या आधी तो तात्याकडे आला, बाजेवर बसला, चहा घेतला. म्हणाला, "तात्या, दगडावर सगळ्यात वर तुमच्या पोराचं नाव. मी शब्द देतो. त्याने गावासाठी जीव दिला."

तात्याला होडीचं बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण पोराचं नाव म्हटल्यावर नुसती मान हलली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्यालाही ते नाव हवंसं वाटलं. वाचता येत नव्हतं, पण बोट फिरवता आलं असतं. कारभाऱ्याने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाला. जाता जाता चार घरी सांगत गेला की तात्याची फार इच्छा आहे. तो खोटं बोलला असं नाही, त्याला तसंच दिसलं.

सुनेने कप उचलले. म्हणाली, "मामंजी, सभेत तुम्ही बोला. होडीचं तुमच्याशिवाय कोण बोलणार?"

"विचारतील की मला. होडी कुणाची आहे?"

"नाही विचारलं तर?"

"विचारतील, पोरी."

जन्मभर दुसऱ्याने हाक मारायची आणि आपण ओ द्यायचा, ही ज्याची सवय, त्याला आपण होऊन उभं राहायचं म्हणजे अंगातली कापडं काढल्यासारखं वाटतं.

सभा शाळेच्या पटांगणात. सकाळपासून तात्या आणि सून वस्तीतल्या माणसांना पार आणत होते. खेपेला थोडीच माणसं घ्यायची, कारण तळ बोलत होता. शेवटच्या खेपेला टोपलीवाला आणि भोंगावहिनी. तीन नव्या टोपल्या टोपलीवाल्यानेच विणल्या होत्या, सभेसाठी. वहिनी त्या मांडीवर घेऊन बसली होती, म्हणजे भिजू नयेत. पाणी तिच्या पावलांपर्यंत आलं तरी टोपल्या वर धरून होती. थांबत थांबत म्हणाली, "भावजी, ही होडी... आपल्याला पाण्यातून नेतेय, का पाण्याला आपल्यातून?" सगळे हसले. हसताना तिला खोकला आला, तो अलीकडचा काठ लागेपर्यंत थांबला नाही.

पटांगणात पोचेपर्यंत सभा सुरू झाली होती. तात्या फाटकाशी बसला, धोतर पिळत. ज्या खिडकीशेजारी पोरगा गेला ती खिडकी बरोबर समोर. कारभारी बोलत होता. गेलेल्या एकेकाचं नाव घेत होता, आणि पहिलं नाव तात्याच्या पोराचं. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. शेवटी त्याने विचारलं, कुणाला काही बोलायचंय का?

सुनेने सासऱ्याकडे बघितलं. सासरा खिडकीकडे बघत होता. ती स्वतः उठली. होडीचा तळ गेलाय एवढं बोलली असेल नसेल, कारभारी मऊ आवाजात म्हणाला, ताई, तुमचं दुःख आम्हाला कळतं, पण घरातलं वडीलधारं माणूस बसलंय, त्यांच्या मनात काय आहे ते गावाला ठाऊक आहे. सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. तात्याच्या आजूबाजूला ज्यांची माणसं गेली ती बसली होती. त्यांच्यासमोर उठून, नावं नकोत, मला लाकूड द्या, असं कसं म्हणायचं? त्याने मान खाली घातली. ओल्या धोतरातून पाणी ठिपकत होतं, ते बघत राहिला.

दगड टाकायला सुरुवात झाली. वस्तीला मान म्हणून आधी वस्ती. भोंगावहिनी नवऱ्याच्या खांद्याला धरून उठली, होडीच्या टोपलीपाशी जरा थांबली, तात्याकडे बघितलं, आणि पुढे जाऊन दगड नावांच्या टोपलीत टाकला. मग तिच्यामागून सगळी वस्ती. टप टप टप. होडीच्या टोपलीत दोनच दगड पडले, एक सुताराचा, एक सुनेचा. सुताराने टोपलीत डोकावून म्हटलं, चला, निदान एकमेकाला सोबत तरी आहे. कुणी हसलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत वस्तीला परत न्यायचं होतं. शेवटच्या खेपेला वहिनी तात्याच्या जवळ बसली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, दम घेत घेत म्हणाली, "भावजी, वस्तीतलं एकही घर इकडेतिकडे गेलं नाही. सगळ्यांनी तुमच्या पोराला दिलं. आता तरी जेवत जा नीट."

तात्या वल्हं मारत होता. म्हणाला, "हो वहिनी." समोर सून डब्याने पाणी उपसत होती. तिने डबा एकदा रिकामा केला, परत भरला, परत रिकामा केला, आणि वर बघितलं नाही.

दगड उभा राहिला. काळा, गुळगुळीत, माणसापेक्षा उंच. तात्या तो बघायला गेला, पण सगळ्यात वरचं नाव म्हणजे डोक्याच्या वर, आणि उजवा हात काही तिथपर्यंत जाईना. डावा नेला. चवड्यावर उभा राहिला. बोटांची टोकं पहिल्या अक्षराच्या खालच्या कडेला लागली, तेवढीच. साहेब बाजूला उभा होता, त्याला वाटलं म्हातारा नमस्कार करतोय, त्यानेही हात जोडले.

पावसाळा लागला आणि नदी चढली. एका सकाळी दोघं रिकामी होडी घेऊन धक्क्यावरून निघाली, तर ती वल्ह्याच्या पहिल्याच हिसक्याला तळातून उघडली. आवाजसुद्धा झाला नाही, कणीस सोलल्यासारखी सुटली. कमरेएवढ्या पाण्यातून ती काठावर ओढली, उलटी करून ठेवली. सुतार आला, बघितली, टोपी काढून परत घातली आणि गेला. पलीकडे कुणाला काही कळलं नाही. त्यांना नुसती उलटी होडी दिसत होती, आणि उलटी होडी म्हणजे डांबर चाललंय, एकदोन दिवसांत येईल.

दोन दिवस हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस भुरभुरत होता. तात्या दारात बसून सुंभ वळत होता. होडी नाही, पण हातांना ते कुठे माहीत. सून आत चुलीशी. आणि पलीकडून हाक आली. बारीक, फाटकी, टोपलीवाल्याची.

"होऽऽ तात्याऽऽ"

आणि तात्याने ओ दिला.

सुंभ हातातच होता. तोंडातून गेला तो ओ, पूर्वीसारखा, मोठा, लांबलचक. सून चिमटा टाकून बाहेर आली आणि दाराशी थबकली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. म्हाताऱ्याचं तोंड अजून उघडं होतं.

पलीकडे काय झालं ते मागून कळलं. वहिनीची धाप सकाळपासून वाढली होती. गाडी जुंपून तयार होती, वर ताडपत्री बांधलेली, पुलाकडेच निघाले होते. ती म्हणाली, जाता जाता एक हाक मारून बघा, डांबर झालं असेल. ओ आला नाही तर जाऊ. म्हणून त्याने मारली. ओ आला. तशी तिला गाडीतून उतरवून वाळूत बाजेवर ठेवली, वर ताडपत्री धरली. गाडीवाल्याने बैल सोडले.

सून काठाकडे धावली. घसरली, उठली, गुडघाभर पाण्यात शिरली आणि ओरडायला लागली, होडी नाही, पुलावरून जा. नदीचा आवाज असा की लांबवलेली हाक किंवा ओ तेवढा पार जायचा, शब्द कुणाचेच जात नव्हते; तिचं तिलाच ऐकू येईना. तिने डोक्यावरचा पदर काढून हलवला. पलीकडून टोपलीवाल्यानेही फडकं हलवलं. त्याला वाटलं, निघतोय म्हणून सांगतायत. ती दोन्ही हातांनी जा जा करत होती आणि तो मान डोलवत होता. तात्या उलट्या होडीपाशी उभा. एकदा त्याने होडीला दोन्ही हात लावून रेटून बघितलं. सून म्हणाली, मामंजी, काय करताय. मग त्याने हात काढले.

कधीतरी पलीकडच्यांना समजलं. बैल परत जुंपले. बाज उचलताना दिसली. पावसात गाडी झाडांमागे गेली, तोवर म्हातारा बघत होता. त्यानंतरही बघत होता.

वहिनी पुलापर्यंतही पोचली नाही.

पुढे दोन दिवसांनी टोपलीवाला पुलावरून फिरून, चालत, तात्याच्या दारात आला. पाय चिखलाने भरलेले. सुनेने तांब्यात पाणी दिलं, ते त्याने पायावर घ्यायचं सोडून हातातच धरून ठेवलं. भांडायला आला नव्हता. कुठे जावं ते कळेना म्हणून आला होता.

पायरीवर टेकून म्हणाला, "तू ओ दिलास म्हणून थांबलो, तात्या."

"हो."

"होडी नव्हती, मग का दिलास?"

"तू हाक मारलीस." तात्या म्हणाला. 

टोपलीवाल्याने मान हलवली, जणू हे त्याला माहीतच होतं. मग अंगणातून नदीकडे बघितलं. उलट्या होडीच्या तळाला पडलेलं भगदाड तिथून दिसत होतं. म्हणाला, "इतकी गेली होती?"

"सभेच्या आधीच गेली होती. मला होडीच पाहिजे होती."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

टोपलीवाला त्याच्याकडे बघत राहिला. "आम्हाला वाटलं तुला नाव पाहिजे. ती होडीच्या टोपलीपाशी थांबली होती, तू बघितलंस ना? मला म्हणाली, होडी आपल्याला लागते हो, पण भावजींचं पोर आपल्यासाठी गेलं, आपण आपलंच काय बघायचं." एवढं बोलून त्याने हातातलं पाणी पिऊन टाकलं, तांब्या पायरीवर पालथा ठेवला.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नखातलं डांबर दुसऱ्या नखाने काढत होती.  बोलण्यासारखं तिने सभेतच बोलून घेतलं होतं.

वहिनीचं नाव दगडावर घालायचं का, असं सुताराने कारभाऱ्याला विचारून बघितलं. तो हळहळला. म्हणाला, जागा संपली आहे, आणि आता पुढच्या निधीत होडीच धरू, नक्की धरू. पुढचा निधी येईल तेव्हा येईल.

तात्या आहे अजून. सून गावात लोकांचे कपडे धुते, त्यावर दोघांचं चालतं. होडी तिथेच काठावर उलटी पडली आहे, तिच्या भगदाडातून गवत वर आलंय. वस्तीतल्यांनी आपसात ठरवलंय, कुणी हाक मारत नाही. पण एखादा परका येतो, वाटसरू, बैल विकायला निघालेला, त्याला काय माहीत. तो काठावर उभा राहून तोंडाला हात लावतो आणि हाक मारतो. मग म्हातारा दारातून उठतो. दोन्ही हात तोंडावर दाबून धरतो, घट्ट, बोटं गालात रुततात इतके. आणि तसाच चालत पाण्यापर्यंत जातो. सून धुणं टाकून येते आणि त्याला दंडाला धरून मागे आणते.

म्हणून माझं मागणं एवढंच. तुम्ही फिरती माणसं, कधी त्या बाजूला जाल. पलीकडच्या काठाला पोचलात, समोर गाव दिसलं, काळा दगड चमकताना दिसला, आणि घशाशी हाक आली, तर गिळून टाका. पुलावरून या. लांब पडतं, मला माहीत आहे. पण पुलावरून या.